सहा नंबरचा गाळा

नेव्हिल ट्रेलोरने जन्मात कधी व्यायाम केला नव्हता, त्यामुळे व्यायामाच्या यंत्रांनी त्याच्यावर डूख धरावा असं काही कारणच नव्हतं. पण डूख धरायला कारण लागतंच असं नाही, हे त्याला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी शनिवार ते सोमवार अशा तीन दिवसांत समजलं.

सुरुवात झाली बहिणीच्या फोनने. नेव्हिलची थोरली बहीण कोरल एके काळी यारंबुलमध्ये बायकांची व्यायामशाळा चालवायची. नऊ वर्षांपूर्वी बायकांनी व्यायाम सोडला (की कोरलला सोडलं, याबद्दल गावात आजही दोन मतं आहेत) आणि कोरल आपलं सगळं सामान गावाबाहेरच्या एका भाड्याच्या गाळ्यात कोंबून दूरच्या केर्न्स शहरात राहायला गेली. असे गाळे म्हणजे लांबलचक पत्र्याची चाळ, प्रत्येकाला वर सरकणारं शटर, आणि आत माणसाला टाकवत नाही पण बघवतही नाही असं सगळं काही.

"नेव्ह, मंगळवारी करार संपतोय," कोरल म्हणाली. "गाळा रिकामा कर. विकेल ते वीक, उरेल ते भंगारात घाल. सहा नंबर."

"आणि किल्ली?"

"ख्रिसमसच्या कार्डात घालून पाठवली होती की!"

"कुठल्या ख्रिसमसच्या?"

"ते आता मला कसं आठवणार? सगळं मीच करायचं का?"

नेव्हिलची बायको ऱ्होंडा भांडी पुसता पुसता हे ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "तू नको करूस. माणूस लाव."

हे वाक्य नेव्हिलला झोंबलं. त्याने मागच्या वर्षी कोंबड्यांसाठी खुराडं बांधलं तेव्हापासून ऱ्होंडा प्रत्येक गोष्टीला 'माणूस लाव' म्हणायची. वास्तविक खुराडं उत्तम झालं होतं. फक्त दार आतून उघडत होतं, बाहेरून नाही. आणि कोंबड्यांना ते समजलं होतं, नेव्हिलला नाही. एवढ्यावरून पस्तीस वर्षं पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासलेल्या माणसाला 'माणूस' समजू नये?

"मीच करणार," तो म्हणाला.

"शेजारच्या केल्विनला विचार तरी. त्याला या यंत्रांतलं कळतं. बघ कसा रोज नेमाने जातो."

हे दुसरं झोंबलं. शेजारचा केल्विन शुल्झ हा त्या आळीचा आदर्श होता. गेल्या वर्षी त्याच्या हृदयात दोन स्टेंट घातले आणि तेव्हापासून सोमवार ते शुक्रवार, बरोबर नऊच्या ठोक्याला, केल्विन ट्रॅकसूट घालून, गळ्यात टॉवेल आणि हातात निळी बाटली घेऊन व्यायामाला जायचा. अकराला परत यायचा तो लालबुंद चेहऱ्याने, केस ओले, टॉवेल ओला. त्याची बायको ग्लेंडा फाटकात उभी राहून त्याच्याकडे अशी बघायची, जशी ऱ्होंडा नेव्हिलकडे लग्नाच्या दिवशीसुद्धा बघितलेली त्याला आठवत नव्हती.

तरी शुक्रवारी संध्याकाळी नेव्हिल कुंपणापाशी गेला. केल्विन निवृत्त होण्याआधी विमा कंपनीत नुकसानीचा अंदाज काढायचा, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू मुळात कवडीमोल असते यावर त्याची श्रद्धा होती.

"भावनेच्या आहारी जायचं नाही, नेव्ह," कुंपणावर कोपर टेकवून तो म्हणाला. "लोक काय करतात, गाळा उघडतात आणि हळहळत बसतात. तू बघायचंसुद्धा नाही. पहिला जो येईल त्याला देऊन टाक. एक खुर्ची मागे ठेवू नकोस!"

"तू येतोस का मदतीला?"

"आलो असतो रे. पण शनिवार-रविवार क्लबात आमचे लॉन बोलिंगचे सामने असतात. आणि डॉक्टरांनी उचलायला मनाई केलीय."

शनिवारी सकाळी नेव्हिल ट्रेलर जोडून गाळ्यांवर पोचला. तिथली व्यवस्थापक सूला, ही एक ग्रीक बाई, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे पाय स्टुलावर ठेवून ऑफिसात बसली होती. तिने कोरलच्या सहीचं पत्र तीनदा वाचलं, नेव्हिलच्या वाहनपरवान्याची प्रत काढली, त्या प्रतीवर त्याची सही घेतली आणि मग ती सही परवान्यावरच्या सहीशी जुळत नाही म्हणून पुन्हा घेतली.

"किल्ली हरवली असेल तर कुलूप कापायला लागेल," ती म्हणाली. "हा कटर घ्या. मला चालवत नाही, तुम्हीच जा. सहा नंबर."

नेव्हिलने गाडी मागच्या फाटकाने आत घेतली, कारण तिकडे सावली होती. त्या बाजूने दारांवरचे पत्र्याचे आकडे उलटे मोजत येत होते. बारा, अकरा, दहा, सहा, आठ. दहानंतर सहा आलेला पाहून तो क्षणभर थबकला. पण पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला दहानंतर सहा यात वावगं वाटायचं काही कारण नव्हतं. त्यांच्या ऑफिसात तर एकदा चाळीसनंतर तेरा होतं. त्या सहाच्या पत्र्याचा वरचा स्क्रू पडून गेला होता आणि तो पत्रा खालच्या स्क्रूवर लटकत होता, इकडे त्याचं लक्ष गेलं नाही. आणि इंग्रजी नऊ उलटा लटकला की तो डोळ्यांदेखत सहा होतो, हे सुचण्याइतकी त्याची मनःस्थिती शांत नव्हती. कारण कुलूप कापताना कटरने आधी अंगठ्याचा चिमटा घेतला होता.

शटर वर गेलं आणि नेव्हिल गोंधळात पडला.

आत एक व्यायामाची सायकल होती, एक ट्रेडमिल आणि एक ते बसून वल्हवायचं यंत्र. इथपर्यंत ठीक. पण मधोमध एक गुबगुबीत, मागे कलणारी तपकिरी खुर्ची होती. खुर्चीशेजारी रेडिओ, बॅटरीवरचा दिवा आणि बिस्किटांचा डबा.

त्याने कोरलला फोन लावला. "कोरल, इथे एकच सायकल आहे."

"आठ होत्या!"

"आणि एक आरामखुर्ची आहे."

"असेल. दारापाशी कसलीतरी खुर्ची होती खरी. सात सायकली कुठे गेल्या?"

नेव्हिल ऑफिसात गेला. "सूला, सात सायकली चोरीला गेल्या आहेत."

सूलाने चष्मा काढला. "नेव्हिल, एकवीस वर्षं मी इथे बसते. लोकांची मासे पकडायची काठी गेलीय, पडदे गेलेत, एकाची तर सासूची राख गेली. पण व्यायामाची सायकल आजवर कुणी नेलेली नाही. एकदा चोर आले होते, तर उलट एक जास्तीची ठेवून गेले."

नेव्हिल परत येऊन खुर्चीत बसला. विचार करायला म्हणून बसला. पण ती खुर्ची विचार करू देणाऱ्यांतली नव्हती. पाठ टेकल्याबरोबर पाय आपोआप वर आले. त्याने डब्यातली दोन बिस्किटं खाल्ली आणि नऊ वर्षांनंतरही ती इतकी कुरकुरीत राहिलेली पाहून बहिणीच्या डबे बंद करण्याच्या कौशल्याबद्दल त्याला प्रथमच आदर वाटला.

मग त्याने यंत्रांचे फोटो काढले. दुपारी बोलिंगवरून परतलेल्या केल्विनला त्याने ते कुंपणावरून दाखवले. केल्विनचा चष्मा घरात होता आणि ऊन थेट पडद्यावर पडत होतं.

"हे काय आहे?" केल्विनने फोन लांब धरून विचारलं.

"ट्रेडमिल."

"शी! असलं भंगार कोण घेणार? रया गेलीय त्याची. मालकाने कधी पुसलंसुद्धा दिसत नाही. फुकट दे, नेव्ह, फुकट! नेणाऱ्याला वर चहा पाज."

नेव्हिलने जाहिरात टाकली. तासाभरात एक मेंढपाळ आला. त्याने ट्रेडमिलवर हात फिरवला, खाली वाकून पट्टा पाहिला आणि विचारलं, "किती वजन पेलेल?"

"तुमचं आरामात पेलेल."

"माझं नाही हो. ड्यूकचं. कुत्रा आहे आमचा. पाय दुखावला तेव्हापासून मेंढ्यांमागे पळत नाही, मेंढ्याच त्याच्यामागे येतात. लाज वाटते बिचाऱ्याला. घरात पळेल, कुणी बघणार नाही."

कुत्र्यालाही अब्रू असते आणि ती त्याचा मालक समजून घेतो, या विचाराने नेव्हिलला थोडं भरून आलं. सायकल एका बाईने नेली. तिने पॅडल फिरवूनसुद्धा बघितलं नाही, फक्त हॅंडलची रुंदी हाताने मोजली आणि म्हणाली, "माझी जुनी मोडली. ओले कपडे वाळत घालायला याच्यासारखं दुसरं काही नाही."

राहिलं वल्हवायचं यंत्र. ते कुणालाच नको होतं. दानात आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या धर्मादाय दुकानाने ते 'ओळखू येत नाही' म्हणून नाकारलं. रविवारी भंगारवाला बंद. शेवटी नेव्हिल ते ट्रेलरमध्ये घालून कचरा डेपोवर गेला. तिथे खिडकीत पिवळं जाकीट घातलेला एक गृहस्थ होता.

"वर्ग कुठला?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"फर्निचर, विजेची वस्तू, वाहन, पालापाचोळा. वर्ग सांगा."

"वल्हवायचं यंत्र आहे."

"बोट?"

"बोट नव्हे. बोटीत बसून जे करतात ते करायचं, पण बोट नाही."

"बोट असेल तर नोंदणी रद्द केल्याचा दाखला लागतो."

"अहो, त्याला पाणीच लागत नाही!"

"पाणी नसलं म्हणून बोट बोटपणा सोडत नाही," पिवळं जाकीट गंभीरपणे म्हणालं. मग त्याने बाहेर येऊन यंत्राभोवती एक फेरी मारली. "ही दोरी ओढली की आवाज होतो?"

नेव्हिलने दोरी ओढली. घर्र झालं.

"मग वाद्य. वाद्यांना दाखला नको." आणि त्याने तशी नोंद केली. यारंबुलच्या डेपोत ट्रेलोर कुटुंबाच्या नावे त्या दिवशी एक मोडकं वाद्य जमा झालं.

खुर्ची मात्र नेव्हिलने कुणालाच दाखवली नव्हती. ती त्याने घरी आणली आणि मागच्या व्हरांड्यात ठेवली. ऱ्होंडाने तिच्याभोवती दोनदा फिरून पाहिलं, बसून पाहिलं, आणि म्हणाली, "बरी आहे." ऱ्होंडाच्या तोंडून 'बरी आहे' म्हणजे तोफांची सलामी. नेव्हिल त्या रात्री माणूस म्हणून झोपला.

सोमवारी सकाळी नऊला केल्विन टॉवेल आणि बाटली घेऊन गेला. नेव्हिल खुर्चीत मागे कलून चहा पीत होता. सव्वानऊला केल्विनची गाडी परत आली. तो खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा लाल नव्हता, पिठासारखा पांढरा होता. मागच्या अंगणात ग्लेंडा कपडे वाळत घालत होती.

"इतक्यात आलास?" तिने विचारलं.

"बंद आहे. म्हणजे... आज नाही... यंत्रं धुवायला काढलीयत," केल्विन म्हणाला. आणि मग कुंपणापलीकडे त्याची नजर गेली. तो जागच्या जागी उभा राहिला.

"नेव्ह," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "ही... ही खुर्ची..."

"कोरलची. सहा नंबरच्या गाळ्यातली," नेव्हिल म्हणाला. "ये, बसून बघ. उजवीकडचा दांडा ओढायचा."

"डावीकडचा," केल्विन म्हणाला.

"काय?"

"काही नाही."

"किती छान आहे रे!" ग्लेंडा हातात उशीचा ओला अभ्रा धरून म्हणाली. "पण केल्विनला दाखवू नकोस हो. त्याला बसणं आवडतच नाही आता. हो की नाही, केल?"

"नाही," केल्विन म्हणाला. "आवडत नाही." आणि तो खुर्चीकडे असा बघत राहिला, जसं कुणी आपल्या पळवून नेलेल्या घोड्याकडे बघावं. नेव्हिलला वाटलं, याच्या हृदयाचं पुन्हा काहीतरी बिनसलंय. "बाकीचं काय केलंस?" केल्विनने कुजबुजत विचारलं.

"तू सांगितलंस तसंच. ट्रेडमिल कुत्र्याला दिली. सायकलवर कपडे वाळतायत. आणि ते तिसरं वाद्य म्हणून जमा केलं."

केल्विनने टॉवेलने तोंड झाकलं आणि तो घरात गेला.

नेव्हिलला यातलं काहीच कळलं नाही. तेवढ्यात सूलाचा फोन आला.

"नेव्हिल, उद्या मुदत संपतेय. सहा नंबर कधी रिकामा करताय?"

"मी केला की!"

"मी आत्ता काठी टेकत जाऊन बघून आले. सहा नंबरला कुलूप तसंच आहे. आणि आणखी ऐका. मघाशी नऊ नंबरचा भाडेकरू आला. आधी ओरडला की त्याला लुटलंय. मी पोलिसांना फोन करते म्हटलं तर माझे हात धरायला लागला, पोलीस नकोत, बायकोला कळेल म्हणून. मला तर काही समजेना."

"कोण आहे तो?"

"नाव सांगता येत नाही. गोपनीयतेचा कायदा. पण गळ्यात टॉवेल होता आणि निळ्या बाटलीत लेमोनेड होतं. तेवढं कायद्यात येत नाही."

नेव्हिल हातातला कप खाली ठेवायला विसरून तसाच गाडीत जाऊन बसला.

तो गाळ्यांवर पोचला. पत्रा हाताने सरळ फिरवल्यावर सहाचा नऊ झाला. शटर अर्धं वर होतं. आत, रिकाम्या फरशीवर, उपड्या बादलीवर केल्विन बसला होता. तो मागच्या रस्त्याने नेव्हिलच्या आधीच परत आला होता.

"केल," नेव्हिल म्हणाला, "मला माहीत नव्हतं रे. मी सगळं परत आणतो. मेंढपाळाचा नंबर आहे माझ्याकडे."

"राहू दे," केल्विन म्हणाला. "निदान कुत्रा तरी पळेल त्यावर. मी वर्षभरात एकदाही चढलो नाही."

"पण तू तर रोज..."

"रोज इथे येऊन खुर्चीत बसायचो. घोड्यांच्या शर्यती ऐकायचो. पावणेअकराला बाहेरच्या नळावर डोकं भिजवायचं आणि टॉवेलने गाल चोळायचे. यंत्रं ग्लेंडाने घेतली होती. घरात होती तोवर ती शेजारी उभी राहून मिनिटं मोजायची. मी म्हटलं, मित्राच्या जिममध्ये ठेवतो, तिथे चार लोकांत उत्साह येतो."

नेव्हिलला हसू यायला हवं होतं, पण येईना. केल्विन फरशीकडे बघत होता.

"आळस नाही रे तो," केल्विन म्हणाला. "पहिल्या आठवड्यात त्या सायकलवर बसलो. दोन मिनिटांत छाती धडधडायला लागली. झटका आला त्या दिवशी धडधडली होती तशीच. वाटलं, संपलं. उतरलो आणि खुर्चीत बसलो. बसलं की धडधड हळू होते. मग मी बसूनच राहिलो. आता ग्लेंडाला कसं सांगू? ती सगळ्या आळीला सांगत असते."

नेव्हिलच्या पाणीपुरवठा खात्यात या विषयाचा फॉर्म नव्हता. तो म्हणाला, "मला अजून सहा नंबर रिकामा करायचाय. आठ सायकली आहेत. तू नुसता बसून राहा."

केल्विनने बादली उचलून सहा नंबरच्या दारात मांडली आणि तो तिच्यावर बसला. नेव्हिलने खऱ्या सहा नंबरचं कुलूप कापलं. या खेपेला चिमटा दुसऱ्या अंगठ्याला बसला. आत आठ सायकली एकमेकींत पाय अडकवून उभ्या होत्या. नेव्हिलने पहिली ओढली तर तिच्याबरोबर तिसरी आली आणि दुसरी त्याच्या नडगीवर पडली. तो एका पायावर नाचत असताना केल्विन बादलीवरून उठला.

"मागचं टोक मी धरतो. नाहीतर तू मरशील."

"डॉक्टरांनी उचलायला मनाई केलीय ना?"

"ते मी लोकांना सांगतो. डॉक्टर म्हणतात, उचल."

दोघांनी एक सायकल ट्रेलरवर चढवली. मग दुसरी. तिसऱ्या सायकलीला केल्विन अचानक थांबला. त्याने छातीवर हात ठेवला.

"धडधडतंय," तो म्हणाला.

नेव्हिलच्या हातातलं टोक सुटलं. "अॅम्ब्युलन्स बोलावू?"

"थांब."

एका बादलीवर दोघं मावत नव्हते म्हणून ते दोन व्यायामाच्या सायकलींवर बसले, शेजारी शेजारी, पत्र्याच्या भिंतीकडे तोंड करून. केल्विनने डोळे मिटले होते. नेव्हिलने फोनवर नंबर तयार ठेवला आणि बोट वर धरलं. चाळीस वर्षांचा शेजार होता. कुंपणापलीकडे हा माणूस नसला तर आपल्याला चुकीचे सल्ले कोण देणार, असं काहीसं त्याच्या मनात येऊन गेलं आणि त्याला दरदरून घाम फुटला.

"दुखतंय का कुठे? हातात? जबड्यात?"

"नाही. नुसतं धडधडतंय." मिनिटभर गेलं. मग आणखी एक. केल्विनने एक डोळा उघडला. "हळू होतंय, नेव्ह."

"नक्की?"

"आपलं आपणच." त्याने दुसरा डोळा उघडला आणि छातीवरचा हात काढून त्या हाताकडेच बघत राहिला. "मी खुर्चीत नाहीये. तरी हळू झालं."

त्यानंतर नेव्हिलने त्याला अजून एक तास बसवून ठेवलं. मग उरलेल्या सहा सायकली दोघांनी बेतानेच, प्रत्येकीनंतर थांबत, चढवल्या. भंगारवाल्याच्या आवारात त्या उतरवल्या, तेव्हा दोन वाजून गेले होते. केल्विनचा ट्रॅकसूट गंजाने माखला होता, बाही फाटली होती, चेहऱ्यावर घामाचे काळे ओघळ होते आणि डोक्यावरचे केस चारी दिशांना उभे होते. आणि तो हसत होता. त्याची गाडी गाळ्यांवरच राहिली होती; परतताना नेव्हिलच्या गाडीत तो सगळा वेळ आपल्या मनगटावर दोन बोटं ठेवून ठोके मोजत होता आणि आकडे मोठ्याने सांगत होता.

"उद्या डॉक्टरकडे जातो," तो म्हणाला. "आणि ग्लेंडाला आजच सांगतो. सगळं. आता भ्यायचं काय?"

फाटकात ग्लेंडा उभी होती. शेजारी ऱ्होंडाही होती, हाताची घडी घालून. सव्वानऊला 'यंत्रं धुवायला काढलीयत' म्हणून परत आलेला आणि पुन्हा न सांगता पसार झालेला नवरा पाच तासांनी या अवतारात उतरताना ग्लेंडाने पाहिला.

"कुठे होतास?"

"व्यायाम करत होतो," केल्विन आनंदाने म्हणाला. "खरा! ग्लेन, अगं आज पहिल्यांदाच..."

"वर्षभर तू व्यायामाहून येतोस," ग्लेंडा म्हणाली. "मला ठाऊक आहे व्यायाम केलेला माणूस कसा दिसतो. गाल लाल असतात, केस ओले असतात, टॉवेल स्वच्छ असतो. व्यायाम करून माणूस असा दिसतो? खरं सांग, केल्विन."

वर्षभर सराईतपणे खोटं बोललेल्या केल्विनला आज खरं कुठल्या टोकाने धरावं ते समजेना. त्याने आशेने नेव्हिलकडे पाहिलं. मग ग्लेंडानेही पाहिलं. मग ऱ्होंडानेही.

"नेव्हिल, तू सांग. तू खोटं बोलणारा नाहीस. कुठे होता हा?"

नेव्हिलने दोन्ही सुजलेले अंगठे पाठीमागे लपवले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्याची साक्ष काढत होतं. तो ताठ उभा राहिला आणि शांतपणे, एकेक शब्द तोलून म्हणाला,

"व्यायामच करत होता, ग्लेंडा. मी स्वतः त्याच्याबरोबर करत होतो."

ग्लेंडाने त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग ती ऱ्होंडाकडे वळली.

"ऱ्होंडा," ती म्हणाली, "दोघंही प्यायलेत."